डोपामाइन, दूध आणि गॅसची गोळी

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही 'म्हणजे' आणि 'हां' काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर उत्तम. आज पाळी, छाती, दूध असे शब्द बरेचदा येणार आहेत, आणि लोकलमध्ये शेजारी बसलेल्या काकांनी ते ऐकून तुमच्याकडे वळून बघावं अशी तुमची इच्छा नसावी. खरं तर काकांनीही ऐकायला हरकत नाही. आज ज्या हॉर्मोनबद्दल बोलणार आहे ते त्यांच्याही रक्तात आहे.

विषय डोपामाइन. आता तुम्ही म्हणाल, ताई, परत तेच? रील बघितलं की डोपामाइन, पार्सल आलं की डोपामाइन, मेसेजवर दोन निळ्या टिका दिसल्या की डोपामाइन. आणि मग रविवारी 'डोपामाइन डिटॉक्स'. मला विचाराल तर 'डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन' हे वाक्य काही वर्षांसाठी बंदच ठेवायला हवं. एखाद्या साहेबांची ओळख 'सही करणारे' अशी करून द्यावी, तसं आहे ते. सही कशावर करतात, त्यावर सगळं अवलंबून.

रसायन एकच, पण मेंदूत त्याचे रस्ते वेगळे. एक रस्ता 'हे परत कर, यात काहीतरी मिळतंय' असं शिकवतो. रील्सची सगळी चर्चा त्याच्यावर. दुसरा हालचाली सांभाळतो, त्यातल्या पेशी झिजल्या की पार्किन्सनचा आजार होतो. आणि तिसरा एक अगदी आखूड रस्ता आहे, जेमतेम काही मिलिमीटरचा, मेंदूच्या तळाशी. तिथे डोपामाइनचं काम म्हणजे एका हॉर्मोनला दाबून धरणं. दिवसरात्र, सुट्टी न घेता. त्या हॉर्मोनचं नाव प्रोलॅक्टिन. आज या तिसऱ्या रस्त्यानं जायचंय.

का जायचंय, तर एका व्हॉइस नोटमुळे. मागे एका श्रोतीनं पाठवली होती. तिच्या परवानगीनं सांगतेय, ओळखू येईल असं सगळं बदललंय. वय बावीस, घरापासून लांब राहून स्पर्धा परीक्षेची तयारी. मेसचं जेवण, रात्री दोन-दोनपर्यंत अभ्यासिका, चहावर चहा. त्यामुळे अ‍ॅसिडिटी, पोट फुगणं, मळमळ. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक गोळी मिळाली, 'सकाळी उपाशीपोटी घ्या, छान वाटेल.' छान वाटलं. म्हणून ती घेत राहिली. चार महिने. त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत पाळी आलीच नाही, आणि एके दिवशी आंघोळ करताना छातीतून पांढरे थेंब आले.

पुढचं तिच्याच शब्दांत बोलायचं तर, 'ताई, रूममेटनं विचारलं, काही झालंय का तुझं? आईला फोन केला तर आई आधी गप्पच बसली. मग म्हणाली, खरं सांग. मी काही केलेलंच नाही, तर खरं काय सांगू?'

ती 'खरं सांग' नंतरची शांतता मी तीनदा ऐकली. त्या मुलीचं शरीर काही चुकीचं करत नव्हतं. ते मिळालेला हुकूम पाळत होतं. हुकूम कुठून आला, ते बघू.

नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवा. तिथून सरळ आत, कवटीच्या मधोमध हाडाला एक छोटी खोबण आहे. त्या खोबणीत मटारच्या दाण्याएवढी, साधारण अर्धा ग्रॅम वजनाची एक ग्रंथी बसलेली असते. डॉक्टर तिला पिच्युटरी म्हणतात, शाळेच्या पुस्तकात ती पीयूषिका ग्रंथी होती. पीयूष म्हटलं की आपल्याला दादरचं ते केशरवेलचीचं गार पेय आठवतं. पण संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत, आणि त्याच शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे, नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक. ज्याचा आपण खरवस करतो, तो. ज्या ग्रंथीतून दुधाचं हॉर्मोन येतं तिच्या वाट्याला नेमकं हे नाव यावं, हा योगायोग असला तरी गोड आहे.

या दाण्याचे दोन भाग. मागचा भाग म्हणजे मेंदूचाच खाली लोंबणारा तुकडा. पुढचा भाग मात्र मेंदूचा नाहीच. गर्भात तो तोंडाच्या छतापासून तयार होतो आणि वर सरकत मेंदूला येऊन चिकटतो. भाडेकरू म्हणा. पण कारभार सगळा या भाडेकरूकडे. थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, उंची वाढवणारं, अंडाशय आणि वृषणांना जागं करणारं, ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल सोडायला सांगणारं आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन, ही सगळी या पुढच्या भागातून येतात.

या ग्रंथीच्या बरोब्बर वर हायपोथॅलॅमस आहे. बदामाएवढा मेंदूचा भाग. तहान, भूक, झोप, शरीराचं तापमान, सगळ्यावर याचं लक्ष. मागच्या भागात हायपोथॅलॅमसमधून थेट मज्जातंतू उतरतात, म्हणजे तिथे वायर ओढलेली आहे. पुढच्या भागात हायपोथॅलॅमसची अशी वायर उतरतच नाही. मग मेंदू त्या भाडेकरूशी बोलतो कसा?

या प्रश्नावर शास्त्रज्ञ चांगले तीस-चाळीस वर्षं भांडलेत. १९३० मध्ये लंडनमध्ये पोपा आणि फील्डिंग या दोघांनी दाखवलं की हायपोथॅलॅमस आणि पिच्युटरी यांच्या मधल्या देठात बारीक रक्तवाहिन्यांची एक वेगळीच जोडणी आहे. गंमत म्हणजे त्यांना वाटलं, रक्त खालून वर जातं. ते उलटं होतं. रक्त वरून खाली येतं, आणि १९४९ मध्ये ग्रीन आणि हॅरिस यांनी जिवंत उंदरात हा प्रवाह प्रत्यक्ष पाहिला.

जेफ्री हॅरिस हे नाव लक्षात ठेवा. इंग्लंडचे. त्यांचं म्हणणं असं, की मेंदू तारेनं बोलत नाही, तो चिठ्ठ्या सोडतो. हायपोथॅलॅमसमधल्या पेशी रसायनाचे थेंब या बारीक रक्तवाहिन्यांत टाकतात, ते थेंब काही मिलिमीटर वाहत खाली येतात आणि पिच्युटरीला निरोप मिळतो. हातापायापर्यंत जाणाऱ्या रक्तात या चिठ्ठ्या इतक्या पातळ होतात की तिथे त्या कुणी वाचूच शकत नाही. म्हणून ही खास गल्ली.

सॉली झुकरमन नावाचे दुसरे मोठे शास्त्रज्ञ म्हणाले, छे. आम्ही फेरेट नावाच्या प्राण्यात देठ कापला तरी त्याचं प्रजननचक्र चालू राहिलं. हॅरिस यांचं उत्तर होतं की कापलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा वाढतात, तुम्ही नीट बघितलं नाहीत. देठ कापून मध्ये एक छोटासा पडदा सरकवला, म्हणजे रक्तवाहिन्यांना परत जुळताच येणार नाही, तर चक्र थांबतं. १९५२ मध्ये हॅरिस आणि डोरा याकोब्सोन यांनी कमाल केली. उंदराची पिच्युटरी काढून ती दुसरीकडे बसवली तर बंद पडायची, पण हायपोथॅलॅमसच्या खाली, त्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बसवली की पुन्हा कामाला लागायची. ग्रंथी तीच, फक्त पत्ता बदलला.

चिठ्ठ्या आहेत हे मान्य झालं, पण त्यावर लिहिलंय काय? त्यासाठी रोजे गियमँ आणि अँड्र्यू शॅली या दोघांनी जवळजवळ वेडेपणा केला. कत्तलखान्यातून लाखो मेंढ्यांचे आणि डुकरांचे हायपोथॅलॅमस गोळा केले, वाटले, गाळले, पुन्हा गाळले, आणि शेवटी हातात आलं ते मिलिग्रॅममध्ये. आधी दोघं एकत्र काम करायचे, मग वेगळे झाले आणि एकमेकांशी अशी शर्यत लावली की बोलायची सोय उरली नाही. १९६९ मध्ये पहिली चिठ्ठी उलगडली, थायरॉइडची. १९७१ मध्ये दुसरी, प्रजननाची, तिचं नाव जीएनआरएच. १९७७ चं नोबेल दोघांना एकत्रच मिळालं, रोझलिन यॅलो यांच्यासोबत. हॅरिस १९७१ मध्येच गेले होते.

आता मुद्द्यावर येते. कारण या सगळ्या चिठ्ठ्या 'सोड' म्हणतात, आणि प्रोलॅक्टिनची चिठ्ठी नेमकी उलटी आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेत जॉन एव्हरेट यांनी उंदराची पिच्युटरी काढून मूत्रपिंडाच्या आवरणाखाली लावली. मेंदूपासून लांब, चिठ्ठ्यांच्या गल्लीबाहेर. अपेक्षा काय असेल? सगळी हॉर्मोन्स थंडावतील. बाकीची थंडावलीच. पण प्रोलॅक्टिन चालूच राहिलं, थांबायचं नावच घेईना. म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींना कुणी ढकलावं लागत नाही. त्या उतारावर उभ्या केलेल्या गाडीसारख्या आहेत. मेंदू फक्त ब्रेकवर पाय ठेवून असतो, आणि मेंदूपासून तोडलं की पाय निघतो.

तो पाय म्हणजे डोपामाइन. हे १९७० च्या दशकात पक्कं होत गेलं. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी ठिबक सिंचनासारखं डोपामाइन त्या बारीक रक्तवाहिन्यांत सोडत राहतात. ते खाली येऊन प्रोलॅक्टिनच्या पेशींवर असलेल्या डी-टू नावाच्या ग्राहींवर बसतं आणि सांगतं, 'नको, अजून नको.' तुम्ही हे ऐकत असताना, तुमच्या शेजारचे काका पेपर वाचत असताना, हे ठिबक चालूच आहे. आणि प्रोलॅक्टिन थोडं वाढलं तर तेच वर जाऊन या डोपामाइनच्या पेशींना जागं करतं, म्हणजे स्वतःचा ब्रेक स्वतःच दाबायला सांगतं. एवढं शिस्तीचं हॉर्मोन दुसरं नसेल.

मग ब्रेक कधी सुटतो? बाळ आलं की. बाळ दूध ओढायला लागलं की स्तनाग्रांपासून निघालेले संदेश पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत जातात, डोपामाइनच्या पेशी गप्प होतात, आणि काही मिनिटांत प्रोलॅक्टिन वर चढतं. ते पुढच्या वेळचं दूध तयार करायला लावतं. आणि आत्ताचं, साठलेलं दूध? ते बाहेर ढकलायचं काम दुसऱ्या हॉर्मोनचं, ऑक्सिटोसिनचं. ते पिच्युटरीच्या मागच्या भागातून येतं, वायरवाल्या भागातून, आणि म्हणून झटकन येतं. आपल्याकडे याला किती सुंदर शब्द आहे बघा, पान्हा. बाळ रडल्याचा नुसता आवाज आला तरी आईला पान्हा फुटतो, तो हाच.

गावाकडच्या मंडळींना 'गाय पान्हा चोरते' हेही माहीत असेल. अनोळखी माणूस धारेला बसला, वासरू लांब नेलं, आरडाओरडा झाला, की कासेत दूध असूनही गाय सोडत नाही. १९४१ मध्ये इली आणि पीटरसन या दोघांनी याचा प्रयोग केला होता. गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि कानाशी कागदी पिशव्या फोडल्या! दूध अडकलं. नुसतं अ‍ॅड्रिनॅलिन टोचलं तरी तेच. भीतीचं रसायन पान्ह्याच्या आड येतं, एवढं त्यातून कळलं. त्या मांजराला काय वाटलं असेल, त्याची नोंद झालेली दिसत नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत 'दूध येत नाहीये का गं हिला, आमच्या वेळेला तर...' असं सुरू करणाऱ्या आत्याबाईंना हा प्रयोग जरूर सांगा. तिथे मांजर त्याच असतात.

बरं, या सगळ्यात पाळी का थांबली?

त्यासाठी ती १९७१ ची चिठ्ठी परत काढू. जीएनआरएच. ती सलग येत नाही, ठोक्यांनी येते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात साधारण तास-दीड तासाला एक ठोका. प्रत्येक ठोक्याला पिच्युटरी अंडाशयाला निरोप पाठवते, अंडं वाढतं, इस्ट्रोजेन तयार होतं. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेनं १९७८ मध्ये माकडांवर दाखवलं की जीएनआरएच तासाला एकदा दिलं तर सगळं छान चालतं, आणि तेच सलाइनसारखं सतत सोडलं तर पिच्युटरी बधिर होऊन बंद पडते. चिठ्ठी तीच. सारखी डोअरबेल वाजवली की माणूस दार उघडायचंच बंद करतो, तसं. डॉक्टर आज याच गोष्टीचा वापर करतात. फार लवकर वयात येऊ लागलेल्या मुलांमध्ये वाढ थोपवायला आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन बंद करायला ही सततची घंटा वाजवणारी इंजेक्शनं असतात.

हे ठोके देणाऱ्यांच्या मागे आणखी एक निरोप्या आहे, किस्पेप्टिन. नावावर हसू नका, त्याचं जनुक १९९६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात सापडलं. तेच हर्शी, 'किसेस' चॉकलेटवालं. नाव तिथूनच पडलं. तेव्हा कर्करोगाचा अभ्यास चालू होता, प्रजननाचा विचारही नव्हता. २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना अशी कुटुंबं सापडली, ज्यांच्यात काही जण वयातच आले नव्हते, कारण किस्पेप्टिनचा ग्राही बिघडलेला. म्हणजे वयात यायचं दार हा उघडतो.

आणि प्रोलॅक्टिन वाढलं की ते या किस्पेप्टिनच्या पेशींना दाबतं. किस्पेप्टिन दबलं की जीएनआरएचचे ठोके मंदावतात, अंडाशयाला निरोप जात नाही, पाळी थांबते. निसर्गाचा हिशेब साधा आहे, अंगावर पिणारं बाळ असताना दुसरं नको. म्हणून पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी बरेच महिने येत नाही. (हे गर्भनिरोधक म्हणून धरायचं तर अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, दिवसा आणि रात्रीही, आणि पाळी अजून परत आलेली नको. यातली एक जरी अट मोडली तरी भरवसा नाही.)

आता त्या मुलीकडे येऊ. तिला बाळ नव्हतं. पण तिच्या पिच्युटरीला मात्र 'बाळ आहे' असं वाटत होतं, कारण डोपामाइनचा निरोप पोचत नव्हता. तो अडवत होती ती गोळी.

गोळीच्या पट्टीचा फोटो तिनं पाठवला. त्यात दोन औषधं होती. एक पँटोप्राझोल, आम्ल कमी करणारं. त्याचा इथे काही संबंध नाही. दुसरं डोम्पेरिडोन. हे डोपामाइनच्या डी-टू ग्राहीवर जाऊन बसतं आणि खुर्ची अडवून ठेवतं. पोटात आणि उलटीच्या केंद्रात डोपामाइन अडलं की मळमळ थांबते, पोट पुढे सरकतं. फायदा खरा आहे. पण तीच खुर्ची पिच्युटरीतही आहे.

इथे एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना कडक पहारा असतो, रक्तातलं वाट्टेल ते आत जाऊ देत नाहीत. डोम्पेरिडोन त्या पहाऱ्यापलीकडे फारसं जात नाही, म्हणून ते 'मेंदूवर परिणाम न करणारं' म्हणून सुरक्षित मानलं जातं. आणि रील्सवाल्या रस्त्यावर ते खरंच पोचत नाही. पण पिच्युटरी पहाऱ्याच्या बाहेर बसते. चिठ्ठ्या रक्तातून घ्यायच्या आणि हॉर्मोन रक्तात सोडायची तर तिला बाहेर बसावंच लागतं. त्यामुळे मेंदूत न शिरलेलं औषधसुद्धा मेंदूचा निरोप वाटेतच अडवू शकतं.

याच जातीची दुसरी औषधं म्हणजे मेटोक्लोप्रमाइड आणि लेव्होसल्पिराइड. आपल्याकडे गॅस-अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये दुसऱ्या नंबरवर बारीक अक्षरात डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड सर्रास असतं, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण 'साधी गॅसची गोळी' खातोय. पट्टीवर लाल उभी रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. तरी मिळते. अमेरिकेत डोम्पेरिडोनला विक्रीची मंजुरीच नाही, हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारींमुळे. मी 'घेऊच नका' म्हणत नाहीये. चार दिवस उलट्या होतायत, डॉक्टरांनी दिली, घेतली, संपली, ठीक आहे. चार महिने स्वतःच्या मनानं घेणं ही वेगळी गोष्ट.

सगळ्यांनाच असं होत नाही, हेही सांगते. तीच गोळी घेणाऱ्या तिच्या रूममेटला काहीही झालेलं नव्हतं. त्यामुळेच संशय गोळीवर न जाता मुलीवर जातो.

तिला मी एवढंच सांगितलं की पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि आईला सोबत ने. डॉक्टरांनी आधी गरोदरपणाची चाचणी केली. यात अपमान वाटून घेऊ नका, पाळी चुकली की ती पहिली तपासणी असतेच, कुणाचीही. मग थायरॉइड, कारण थायरॉइड कमी असलं की वरून येणारी थायरॉइडची चिठ्ठी वाढते आणि तीच प्रोलॅक्टिनलाही ढकलते. मग रक्तातलं प्रोलॅक्टिन. गरोदर नसलेल्या बाईत ते साधारण २५ नॅनोग्रॅमच्या आत असतं, पुरुषात २० च्या आत, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक. हिचं वाढलेलं होतं. गोळी बंद केली, काही आठवड्यांनी आकडा जागेवर आला, पाठोपाठ पाळी. डॉक्टरांनी आईला समोर बसवून, 'ही औषधाची करामत आहे, मुलीची नाही,' असं सांगितलं म्हणे. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार.

ही तपासणी करायची असेल तर एक लक्षात ठेवा. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, घाबरल्यावरही वाढतं. उठल्या उठल्या धावत जाऊन, सुईकडे बघून अर्धमेले होऊन रक्त दिलंत तर आकडा थोडा फुगलेला येऊ शकतो. उठून दोन-तीन तासांनी, शांत बसून द्या. आणि थोडासाच वाढलेला आकडा आला तर गूगल उघडण्याआधी तपासणी पुन्हा करा.

आता ज्या गोळ्यांबद्दल बोलायला लोक कचरतात, त्या. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची बरीच औषधं, रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल, हीसुद्धा डी-टू ग्राहीच अडवतात. तिथे ते मुद्दामच करायचं असतं, त्यानंच भास आणि संशय आटोक्यात येतात. पण पिच्युटरीतला ब्रेकही सुटतो, आणि या औषधांनी प्रोलॅक्टिन चांगलंच चढू शकतं. बायकांची पाळी थांबते, छातीतून स्राव येतो. पुरुषांची इच्छा कमी होते, ताठरता येत नाही, कधी छाती वाढते. बराच काळ असंच राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, कारण इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही खाली गेलेले असतात.

आणि होतं काय, हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही. विशेषतः मुलगे. पंचवीस वर्षांचा मुलगा आईसोबत ओपीडीत बसलेला असताना 'मला ताठरता येत नाही' म्हणेल का? तो गुपचूप गोळ्या बंद करतो. मग दोन-तीन महिन्यांनी आजार उलटतो आणि घरचे म्हणतात, 'औषधांचा काही उपयोगच नाही.' माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला हवा, एकट्याला आत घेऊन, दर काही महिन्यांनी. आणि तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी या औषधांवर असेल तर कृपा करून स्वतःहून बंद करू नका. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. अ‍ॅरिपिप्राझोल नावाचं एक औषध खुर्ची पूर्ण अडवत नाही, अर्धवट डोपामाइनसारखं वागतं, त्यामुळे ते प्रोलॅक्टिन उलट खाली आणतं. पर्याय आहेत, फक्त बोलावं लागतं. तोंडानं जमत नसेल तर कागदावर लिहून द्या, चालतं.

गोळी नाही, गर्भ नाही, थायरॉइड ठीक, आणि प्रोलॅक्टिन तरीही वाढलेलंच, असं असेल तर पिच्युटरीचा एमआरआय करतात. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींची गाठ असू शकते, प्रोलॅक्टिनोमा. गाठ म्हटल्यावर घरात रडारड सुरू होते, पण ही जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते. मोठी झाली तर ग्रंथीच्या वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या नसांना दाबते. मग दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं. समोरचं स्पष्ट दिसतं आणि बाजूनं आलेली रिक्षा दिसत नाही, असं. पाळी थांबणं आणि सोबत डोकेदुखी किंवा असं दिसणं, हे थांबून राहायचं लक्षण नाही.

आणि इथे डोपामाइन पुन्हा येतं, यावेळी औषध होऊन. राय नावाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी पडते. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर चिकट गोड थेंब येतात, तो अरगट रोग, तिची चुलत बहीण. विषारीच प्रकार. पण त्या बुरशीतल्या रसायनांवर काम करता करता स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत ब्रोमोक्रिप्टिन तयार झालं, आणि ते डी-टूच्या खुर्चीवर बसून डोपामाइनची नक्कल करतं. आता त्याच घराण्यातलं कॅबरगोलिन जास्त वापरतात. आठवड्यातून दोनदा गोळी. बहुतेक प्रोलॅक्टिनोमा यानंच आक्रसतात, ऑपरेशनची वेळ येत नाही. मेंदूतली गाठ आणि उपचार आठवड्याला दोन गोळ्या, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान परत मागे उलटलं होतं.

एक तिरपागडं मात्र आहे. कॅबरगोलिन त्या पहाऱ्याच्या आतही जातं, म्हणजे रील्सवाल्या रस्त्यावरही थोडं पोचतं. काही थोड्या लोकांना हे औषध चालू असताना जुगाराची, खरेदीची अनावर ओढ लागते. तेव्हा ही गोळी सुरू करताना डॉक्टरांनी मध्येच 'ऑनलाइन रमी वगैरे खेळता का?' असं विचारलं तर चिडू नका, ते तुमच्या पगाराची चौकशी करत नाहीयेत. आणि गोळी चालू झाल्यावर रात्री दोनला शॉपिंगची कार्ट भलतीच भरायला लागली, तर तेही जाऊन सांगा.

पुढचा एपिसोड कॉर्टिसॉलवर. व्हॉइस नोट पाठवत रहा, फक्त दोन मिनिटांच्या आत संपवा, आणि औषधाबद्दल असेल तर पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, पुढच्या बाजूचा नाही. नावं मागेच असतात.